दांड फुटली त्या हिवाळ्यात

मागच्या महिन्यात माझी नात शेतावर जाऊन आली. अमरावतीच्या एका मोठ्या शाळेत ती दुसरीत आहे, शाळेनंच सगळ्या वर्गाला नेलं होतं. डोक्यावर पिवळी टोपी, पायात बूट, गळ्यात पाण्याची बाटली. खड्डे आधीच खणून ठेवलेले. मुलांनी त्यात रोप उभं करायचं, फोटो काढून घ्यायचा आणि साबणानं हात धुवायचे. फोनवर हे सांगताना पोरीचा आनंद नुसता उतू जात होता, म्हणून मी तोंड आवरलं. एवढंच विचारलं, की भीती वाटली का गं तुला? तिला प्रश्नच कळेना. मागून सून म्हणाली, आई, तिथं सगळं एकदम सेफ असतं. बरं बाई, म्हणून मी फोन ठेवला आणि अकोल्यातल्या या घराच्या पायरीवर जाऊन बसले. शेतात मीही शिकले, तिच्याहून थोडी मोठी होते तेव्हा, आणि मलाही शाळेनंच नेलं होतं. पण त्या शिक्षणातला एक हिवाळा असा गेला, की आज इतक्या वर्षांनीही शेजाऱ्यांची टाकी भरून पाणी वाहायला लागलं की मी ओरडत बाहेर पडते. शेजारी म्हणतात, बाईंना पाण्याची फार काळजी. काळजी कसली बाप्पा, भीती आहे ती.

आमचं गाव मोर्शीच्या अलीकडचं, चहूबाजूंनी संत्र्याच्या बागा. माझा बाप, आम्ही त्याला बा म्हणायचो, भाऊसाहेबांच्या बागेत सालदार होता. भाऊसाहेब म्हणजे गावातले जुने कुणबी शेतकरी, सगळं गाव त्यांना याच नावानं हाक मारी. सालदारानं वर्षाच्या बोलीवर एकाच मालकाकडे राबायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपायचं, आणि मालकानं पुन्हा ठेवलं तर पुढचं वर्ष निभायचं. भाऊसाहेबांनी बाला ओळीनं अकरा वर्षं ठेवलं ते एकाच गोष्टीसाठी, त्याच्या हातातल्या पाण्यासाठी. विहिरीवरच्या मोटरीचं पाणी मातीच्या उघड्या नालीतून, म्हणजे दांडेतून, शेतभर फिरवायचं. एक वाफा भरला की फावड्यानं त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं फोडायचं. ऐकायला सोपं आहे. पण काळी माती ओली झाली की लोण्यासारखी सरकते, आणि दांड एकदा फुटली की पाणी माणसाचं ऐकत नाही. बाची दांड अकरा वर्षांत एकदाही फुटली नव्हती. गावात लोक त्याला पाण्याचा माणूस म्हणत, आणि बा ते ऐकून न ऐकल्यासारखं करी, पण त्या दिवशी घरी आल्यावर मायशी जरा जास्त गोड बोले.

हिवाळ्यात आमच्या घरात तुरीचं राज्य असायचं. तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी, तुरीचं वरण, आणि चुलीतही तुरीच्या वाळक्या काड्या, तुऱ्हाट्याच. माय पहाटे ज्वारीच्या भाकरी थापायची त्याची थपथप आणि लांबून येणारी मोटरीची घरघर, या दोन आवाजांवर मी उठायची. दगडावर वाटलेल्या लाल मिरचीच्या ठेच्यानं डोळ्यांत पाणी यायचं, नाक वाहायचं, आणि तरी आम्ही तो मागून घ्यायचो. पाठचा भाऊ अजून मांडीवरचा होता. घर दोन खणांचं, शेणानं सारवलेलं, आणि मायच्या धाकात असलेलं. माय शाळेत गेलेली नव्हती, पण शाळेबद्दल तिच्याइतकी कडक मतं मी पुढं कुणाची ऐकली नाहीत.

तिची आणि तायडे गुरुजींची म्हणूनच जुंपली. गुरुजी आमच्याच बौद्ध समाजातले, नवीन नोकरीचे, पांढरा शर्ट पँट घालून सायकलवर यायचे. गावात आमच्यापैकी कुणी खुर्चीवर बसलेला माणूस आम्ही पहिल्यांदा पाहत होतो, त्यामुळे बाला त्यांच्यापुढे बोलताच येत नसे. या गुरुजींनी आल्या आल्या भाऊसाहेबांकडे शब्द टाकून बागेच्या कडेची एक ओळ, चोवीस झाडं, शाळेसाठी मागून घेतली. चौथीच्या चोवीस पोरांना एकेक झाड. दर शनिवारी सकाळची शाळा बागेत. गणित म्हणजे झाडाभोवतीच्या गोल आळ्याचा घेर मोजायचा, भाषा म्हणजे झाडाचं आज काय झालं ते पाटीवर लिहायचं. शिवाय खुरपणं, वाळक्या काड्या छाटणं, मोरचूद आणि चुना कालवून खोडांना लावणं. कुणब्याची पोरं, तेल्याची पोरं, आमची पोरं, सगळ्यांच्या हातात खुरपं. माय शनिवारची माझी निळी पडलेली बोटं पाहून आधी मला बोलली, मग गुरुजी घरी आले तेव्हा त्यांना. ओसरीवर त्यांच्या हातात गुळाचा चहा देऊन ती म्हणाली, "आमच्या हातातलं फावडं सुटाव म्हनून पोरीले शाळेत धाडली गुरुजी. तुमी तिथंबी तेच देऊन राह्यले." गुरुजींचं तोंड उतरलं. ते म्हणाले की फावडं एकट्या तिच्या हातात दिलं असतं तर तुमचं बरोबर होतं, पण ते सगळ्यांच्याच हातात दिलं आहे. मायला ते पटलं नाही. मला विचाराल तर दोघंही खरंच बोलत होते, आणि ते मला कळायला माझी शिक्षिकेची निम्मी नोकरी संपावी लागली.

गुरुजींची शिकवायची रीत वेगळी होती. भिऊ नका, असं ते कधी म्हणायचे नाहीत. पालापाचोळ्यात हात घालण्याआधी काडीनं चाळवायचं, विहिरीच्या काठाशी पोटावर झोपूनच डोकवायचं, मोरचूदाचा हात डोळ्याला लावायचा नाही. "भ्या," ते म्हणायचे, "जो भेते त्याचं लक्ष राह्यते." मी भ्यायचे. पानाखाली सुरवंट निघाला तरी मी खुरपं टाकून मागं पळायचे. पण बाची पोरगी म्हणून एका कामात मी पुढं होते. गुरुजींनी एका शनिवारी बालाच बोलावून पाण्याचा धडा द्यायला लावला. बा लाजला, शर्टाची गुंडी उगाच लावत-काढत राहिला, आणि मग पोरांना दाखवलं: दांड मधोमध फोडायची नाही, कडेनं एक वीतभर तोंड करायचं, निम्मं पाणी पुढं जाऊ द्यायचं, निम्मं आपल्या झाडाला घ्यायचं, आणि बंद करताना आधी ढेकूळ, मग ओली माती, मग पायानं दाब. बाकीच्यांना तीन-तीनदा करावं लागलं, मला एकदाच. त्या दिवशी मोटरीचं पाणी निम्म्यावर होतं, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

माझं झाड दांडेला लागून पहिलंच. मार्गशीर्षात त्याचं पाणी बंद झालं. एकट्या माझ्या झाडाचं नाही, सगळ्या बागेचं. आमच्याकडे संत्र्याला बहार यायचा तर आधी झाडाला तहानेनं जेरीस आणतात; दीड-दोन महिने थेंब देत नाहीत. त्याला ताण म्हणतात. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात, आणि झाड आता जातं की काय असं वाटायला लागतं, तेव्हा खत घालून पाणी सोडायचं; मग झाड फुलांनी भरून येतं. ताण अर्ध्यात मोडला तर फूल येत नाही, नुसती पानं फुटतात, आणि ते वर्ष गेलं. हे गुरुजींनी सांगितलं होतं, बानं सांगितलं होतं, मला पाठ होतं. अज्ञानापोटी केलं असं म्हणायची सोय मला नाही. सगळं ठाऊक असून मी रोज त्या झाडापाशी उभी राहायची आणि माझ्याच घशाला कोरड पडायची. पानं हातात घेतली की कागदासारखी वाजायची. झाड मेलं तर? गुरुजी पाटीवर काय लिहायला लावतील? मोठ्या माणसांचा हिशेब चुकला तर झाड तर माझंच मरणार होतं ना.

अशाच एका शनिवारी शाळा सुटून पोरं घरी गेली. बा बागेच्या पलीकडे हरभऱ्याला पाणी देत होता. तिकडे जाणारी दांड आमच्या ओळीच्या डोक्यावरूनच जायची. शाळेची खुरपी-फावडी झाडाला टेकून ठेवलेली होती. मी एक फावडं घेतलं, इकडंतिकडं पाहिलं, आणि शिकवलं होतं तसं कडेनं वीतभर तोंड केलं. निम्मं पाणी हरभऱ्याकडे गेलं, निम्मं माझ्या झाडाच्या आळ्यात आलं. आधी माती फसफसली, मग पिऊ लागली. मला इतकं बरं वाटलं की मी झाडाशी बोलले. जरा वेळानं, बस झालं, म्हणून ढेकूळ टाकलं तर ते वाहून गेलं. दुसरं टाकलं, तेही गेलं. माती टाकावी तर ती हातातून सुटायच्या आत पाणी तिला घेऊन जाई. मोटर पूर्ण चालू होती. वीतभराचं तोंड हातभर झालं. आळं भरून पाणी पुढच्या झाडात गेलं, तिथून खालच्या ओळीत, शाळेची झाडं संपून भाऊसाहेबांच्या झाडांत. मी दांडेत बसकण मारली, पाठीनं अडवायला गेले, तर पाणी माझ्या दोन्ही कुशींवरून गेलं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. बा एवढ्याशा अंतरावर होता. मी फावडं जागेवर ठेवलं आणि पळाले.

नाल्याच्या काठी फ्रॉक पिळला, उन्हात उभी राहिले, आणि अंगात हुडहुडी घेऊनच घरी आले. मायनं कपाळाला हात लावून पाहिला, पोट दुखते म्हटल्यावर ओवा दिला. दिवेलागणीला बा आला. तो आला तो हातपाय धुवायचं विसरून ओसरीवर बसला. म्हणाला, संत्र्याकडची दांड फुटली, दोन ओळी पाण्यात गेल्या, ताण मोडला. मायनं विचारलं, तुम्ही कुठं होते? बानं पायावरचा चिखल नखानं खरवडला. मग म्हणाला, "डोया लागला असन माहा. नाई तं इतकं पानी जाईस्तोर मले कसं समजलं नाई?" मी गोधडीत तोंड खुपसून पडले होते. फोडलेली दांड आणि फुटलेली दांड, पाणी वाहून गेल्यावर सारखीच दिसते. माझी पावलंही पाण्यानंच पुसली होती. मला वाचल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मला त्या क्षणी बाचीच भीती वाटली, कारण मोठा माणूस स्वतःवर असा खोटा आळ घेऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगायला मला आजही जड जातं. भाऊसाहेब येऊन दोन्ही ओळी पाहून गेले. त्यांनी आवाज चढवला नाही, बघू, काय फुटते ते पाहू, एवढंच म्हणाले. म्हणजे आता सगळं झाडांवर होतं. पौषात बाकीच्या बागेचा ताण तोडला, खत पडलं, पाणी सुटलं, आणि मी रोज शाळेआधी जाऊन माझ्या झाडाच्या फांदीचं टोक पाहू लागले. कळी का पान, कळी का पान. नवीन फूट आधी इतकी बारीक असते की काही कळत नाही. मी मनातल्या मनात वंदना म्हणायची, शाळेत पाढे चुकायची, ताटातली भाकर भावाच्या हातात द्यायची. मायनं दृष्ट काढली, ती स्वतः असल्या गोष्टींना नावं ठेवायची तरी. आणि बा? बा बदलला होता. जेवून दोन घटका टेकणारा माणूस आता दुपारी बसेचना. उभ्यानंच भाकर खायचा. पाण्यावर असला की मधेच स्वतःच्या तोंडावर पाणी मारायचा. एकदा मायला म्हणाला, वय होऊन राह्यलं का माह्यं? तेव्हा तो पस्तिशीचाही नव्हता. ते ऐकून मी परसात जाऊन उलटी केली.

मग फूट मोठी झाली. सगळी बाग पांढऱ्या कळ्यांनी भरली, वास गावात यायला लागला, आणि आमची ती दोन ओळी झाडं हिरवीगार उभी राहिली. नुसती नवती, म्हणजे कोवळी चकचकीत पानं, एक कळी नाही. वर्गातली पोरं म्हणाली, सुजाताचं झाड पाहा गुरुजी, सगळ्यात छान तिचंच आलं. गुरुजींनी ते झाड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पोरं पांगल्यावर मी त्यांच्यापाशी गेले आणि सांगून टाकलं. मला वाटलं होतं ते रागावतील. मारतील. ते घाबरले. त्यांच्या ओठावर घाम आला हे मी पाहिलं. त्यांनी आधी विचारलं, आणखी कोणाला सांगितलं? कोणाला नाही, म्हटल्यावर ते खाली बसले, माझ्या खांद्याला धरून हळू आवाजात म्हणाले, "सांगू नको बाई. शाळेच्या पोरीनं बाग बुडवली म्हटलं तं ही ओळ जाईन, अन् मीबी जाईन. थांब. मी काढतो काही तरी." त्यांनी काहीच काढलं नाही. पुढं कितीतरी वर्षं मी त्यांच्यावर दात धरून होते. आता त्यांचं तेव्हाचं वय काढते तर बाविशीच्या पुढचा तो पोरगा नव्हता, आणि गावात त्याच्या खुर्चीवर टपलेले लोक थोडे नव्हते. पण नऊ वर्षांच्या पोरीला हे कोण सांगणार? मला एवढंच कळलं, की ज्याच्याकडे पळत जायचं तो माणूसही पळू पाहतोय.

पुढच्या शनिवारी आम्ही बागेत असतानाच भाऊसाहेब आले. बाला त्यांनी त्या ओळींपाशी बोलावून घेतलं. अकरा वर्षांत ज्या माणसावर ते ओरडले नव्हते त्याच्यावर चोवीस पोरांसमोर ओरडले. म्हणाले, झोपाचं होतं तं घरी झोपाचं, आखाजीपासून दुसरा माणूस पाहीन. बा खाली मान घालून म्हणाला, "चूक झाली भाऊसाहेब. झोप लागली." माझ्या हातात खुरपं होतं. माझे दात वाजत होते, अगदी ऐकू येतील इतके. मी गुरुजींकडे पाहिलं, त्यांनी झाडाकडे पाहिलं. मी बोलले नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात मला कशाची लाज असेल तर दांड फोडल्याची नाही, त्या पाच मिनिटांची आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मायनं बाची भाकर माझ्याकडे दिली. तो दांडेच्या काठावर उभा राहून खाऊ लागला, आणि मधेच थांबून त्यानं स्वतःच्या गालावर चापट मारली, झोप येऊ नये म्हणून. माझ्यानं ते पाहवलं नाही. मी म्हटलं, "बा, दांड म्या फोडली." तो समजला नाही. मी सगळं सांगितलं, रडत, नाक पुसत, झाडाशी बोलले होते तेसुद्धा. त्यानं भाकर फडक्यात ठेवली. मला वाटलं आता हात उठणार. त्यानं विचारलं, तोंड कुठून केलं होतं? कडेनं, मी म्हटलं, वीतभर, तुम्ही सांगितलं तसंच. मग निम्मं पाणी हरभऱ्यात येतच होतं? येतच होतं. तोंड मोठं झालं तेव्हा मी पळाले. बा माझ्याकडे पाहत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

"म्हंजे मी झोपलो नवतो," तो म्हणाला. "पानी येऊन राह्यलं होतं म्हनून मले समजलं नाई. मी जागा होतो."

त्यानं माझा हात धरला आणि चाल म्हणाला. कुठं ते मला न सांगताच कळलं. मी खूप गयावया केली, पाय ओढले, गुरुजींचं नाव सांगितलं, ओळ जाईल म्हटलं. तो थांबला नाही. भाऊसाहेबांच्या अंगणात गुरुजीही बसलेले होते, शाळेच्याच कुठल्याशा कामानं. बानं उभ्या उभ्या सांगितलं. भाऊसाहेबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि ते हसले, आणि ते हसणं ओरडण्याहून वाईट होतं. म्हणाले, एवढीशी पोट्टी मोटरीची दांड फोडते काय? "पोरीच्या आड लपतं काय गा? तुह्याकडून हे नवतं वाटलं मले." बाचा चेहरा असा झाला की तसा तो पुन्हा कधी पाहायला लागू नये. खरं बोललो तर सुटतो, असं मला वाटत होतं. आता मी खरं बोलून त्याला आणखी खाली ढकललं होतं. मीच म्हटलं, फोडून दाखवते.

आम्ही चौघे बागेत गेलो. मोटर चालू होती. भाऊसाहेब म्हणाले, त्याच जागी फोड, त्या झाडाइचं आता काय बिघडाचं राह्यलं. मी फावडं घेतलं. ते माझ्या खांद्याएवढं होतं, आणि पहिला घाव दगडावर बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला कडेनं वीतभर तोंड झालं, पाणी आळ्यात शिरलं, आणि उरलेलं पाणी हरभऱ्याकडे शांतपणे चालत राहिलं. भाऊसाहेब ते पाहत होते. ते स्वतः शेतकरी होते, त्यांना सांगायची गरज नव्हती. पण त्यांनी मान हलवली नाही, आणि तेवढ्यात तोंड रुंदावायला लागलं. तसंच, अगदी त्या दिवशीसारखं. मी ढेकूळ टाकलं, गेलं. मी गुडघ्यावर आले, हातांनी माती लोटायला लागले, आणि बा धावला तर भाऊसाहेबांनी त्याच्यापुढे हात आडवा धरला. थांब, म्हणाले, पाहू दे. पाणी माझ्या छातीवर आदळत होतं. मी बा, बा ओरडत होते. तेव्हा पांढऱ्या पँटसकट तायडे गुरुजी दांडेत उतरले. त्यांनी मला काखेत धरून बाजूला केलं, स्वतः पाण्यात आडवे बसले, आणि बानं त्यांच्या पाठीमागून ढेकूळ, ओली माती, पायाचा दाब देऊन तोंड बंद केलं. गुरुजींचे दात वाजत होते. चिखलात बसूनच ते म्हणाले, "बस झालं भाऊसाहेब. आठ दिस झाले, पोरीनं मले सांगतलं होतं. मीच तिले गप्प बसवलं."

भाऊसाहेबांनी वाकून बंद केलेलं तोंड पाहिलं. मग त्यांनी बाला विचारलं, हरभऱ्याचं किती राह्यलं? दोन वाफे, बा म्हणाला. मग तेवढे उरकून घे, म्हणाले, आणि आखाजीले घरी येजो. बाचं साल राहिलं ते असं; माफी वगैरे कुणी कुणाची मागितली नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. शाळेची ओळ मात्र त्याच दिवशी गेली. पुढचे शनिवार आम्ही शाळेच्या हातपंपाजवळ चार वांगी लावून काढले, आणि पोरांनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. गुरुजींची पुढच्या वर्षी दर्यापूरकडे बदली झाली. ती त्यामुळेच झाली का, हे मी कधी विचारलं नाही. मलाच ऐकायचं नव्हतं.

त्या दिवशी दोन वाफे भरून होईपर्यंत बानं मला उन्हात बसवून ठेवलं, आणि मग आम्ही दोघं घराकडे निघालो. आता कुणी नव्हतं, मालक नाही, गुरुजी नाही, आता माझी पाळी, हे मी धरूनच चालले होते. वाट संपेना. शेवटी मीच विचारलं, बा, मले मारशीन काय?

"मारीन," बा म्हणाला. "पन आज नाई. आज मले लय बरं वाटून राह्यलं."

बाला जाऊन वीस वर्षं झाली. तो मार राहूनच गेला.